लडकूच्या पाठीखालची फळी

मी फळी बोलतेय. आज आडवी पडलेली दिसत असले तरी जन्मानं मी उभी. भिवंडीजवळच्या एका भातगिरणीच्या दुहेरी दारातलं डावं दार होते मी, अस्सल सागाचं. गिरणी बंद पडली, तिथं कापडाचं गोदाम आलं, शटर बसलं. मग मला बिजागऱ्यांतून काढून ट्रक आणि ओटा यांच्यामध्ये टाकलं. दाराची फळी झाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. दार असताना मला माणसांची तोंडं दिसायची, फळी झाल्यावर त्यांचे पाय कळू लागले. आणि पाय तोंडापेक्षा खरं बोलतात.

माझ्यावरून जाणाऱ्या हमालांत सगळ्यात भारी पाऊल लडकूचं. जवळच्या गावातून सायकलवर यायचा. वय पंचेचाळीस. दोघांनी मिळून उचलायची कापडाची गाठ हा गडी एकटा पाठीवर घ्यायचा आणि मी करकरले की हसायचा. त्याची उचलायची रीत एकच. गुडघे ताठ, कंबरेत वाकायचं, एक हिसका, आणि पाय जागचे न हलवता नुसती कंबर वळवायची. मलाही तो तसाच उचलायचा. एका टोकाला धरून हिसका द्यायचा आणि धाडकन आपटायचा. मला मेलीला वाटायचं, एवढी सरळ मी, आणि माझ्याशी हा असा वाकडा का वागतो?

संध्याकाळी तो मान चोळत माझ्यावरच बसायचा. जोडीदार रामदास म्हणायचा, "लडक्या, जरा दमानं घे."

"कामाचा मानूस दुकनारच. न दुकनारा शेट असतो," असं म्हणून लडकू बिडी पेटवायचा.

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो माझ्या मधोमध आला, गाठ डावीकडे टाकायला वळला आणि तिथंच बसला. ओरडलासुद्धा नाही. दोन्ही तळवे तेवढे त्यानं माझ्यावर घट्ट टेकले. मी त्या वेळी जराशी हलले होते. माझ्या हलण्यानंच झालं की काय, हा सल मला पुढं कित्येक महिने लागून राहिला.

घरी सगळ्यांनी निदान केलं, उसण भरली. आता उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. लडकूची मेहुणी मैना पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. तिला बोलावलं. बाई मनानं मोठी आणि अंगानंही. पाय नुसता लावायचा असतो. पण भावजींवरच्या मायेपोटी तिनं टाच चांगली दाबून दिली. लडकूची किंकाळी ऐकून बाया म्हणाल्या, "उतरली, उतरली!" उतरली खरी, पण कंबरेतून पायात. दुसऱ्या दिवशी कळ ढुंगणापासून पोटरीपर्यंत चमकू लागली. मग अकलोलीच्या गरम कुंडात तीन दिवस बसवलं. पाण्यात बरं वाटे, एसटीच्या धक्क्यांनी होतं ते पुन्हा तसंच.

अखेर डॉक्टर. त्यांनी गोळ्या दिल्या आणि त्या काळी सगळेच सांगत तसं सांगितलं, "कडक फळीवर पंधरा दिवस आराम." रामदासनं मला गोदामातून मागून आणलं. बाजेची दोरी झोळीसारखी लोंबली होती, तिच्यावर मला टाकलं, माझ्यावर गोधडी, गोधडीवर लडकू.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, भीतीनं. उठू गेला की कळ यायची, कळ आली की बायको ठमाबाई म्हणायची, "निजून ऱ्हा. फली सोरू नको." भात भरवणं, अंग पुसणं, सगळं माझ्यावरच. हळूहळू त्याच्या मांड्या वाळू लागल्या. ओझं कमी झालेलं मला सगळ्यांच्या आधी कळलं. शेजारी दाराशी कुजबुजत, अमक्या गावचा एक जण असाच फळीवर निजला तो उठलाच नाही. लडकू आढ्याकडं बघत पडून असायचा. मी त्याच्या पाठीखाली होते, तो रडायचा तेव्हा मला समजायचं. फळीवरून माणसाला कुठं नेतात हे मला ठाऊक आहे. मला ते नको होतं.

शेजारच्या यादवदादांची सून बकुळा ठाण्याच्या एका दवाखान्यात पाठीमानेचे व्यायाम शिकवायची. माहेरपणाहून परतली तशी बघायला आली. आधी तिनं नीट विचारलं, लघवी-संडासला त्रास आहे का, जांघेत बधिर वाटतं का, पाऊल उचलताना लुळं पडतं का. "यातलं काही झालं तर एक दिवसही घरी काढायचा नाही, थेट मोठं हॉस्पिटल," ती म्हणाली. तसं काही नव्हतं.

"मग दादा, उठायचं. दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाही."

"मना न्हाय जमनार, ताय. माजी कंबर ग्येली."

बकुळानं वाद घातला नाही. ती चुलीकडं वळून म्हणाली, "वहिनी, इकडं बघा जरा."

ठमाबाईनं मान वळवली नाही. अख्खं अंग फिरवून बघितलं. तीन महिने दोघांचं पाणी, दोघांचं सरपण एकटीच्या डोक्यावर; तिची मान लाकूड झाली होती आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता.

"बघितलंत? घरातली दुसरी पाठ चाललीय. ती बसली की तुम्हाला भरवायला कोण?"

लडकूनं ठमाबाईच्या मानेकडं बघितलं. मग बकुळानं दाखवल्याप्रमाणे कुशीवर वळला, पाय खाली सोडले, हाताचा रेटा मला दिला. मी सगळं बळ एकवटलं, हललेसुद्धा नाही. तो उभा राहिला. दारापर्यंत पाच पावलं गेला आणि घामानं निथळत परत आला. दुसऱ्या दिवशी दहा. महिन्यानं विहिरीपर्यंत, हातात एक लहान कळशी, मग दोन्ही हातांत एकेक. ठमाबाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. बकुळानं तिच्या उशाची एक उशी कमी केली, मानेचा व्यायाम दिला. दिवाळीत ठमाबाईनं सहज मान वळवून मैनाला हाक मारली. सगळ्यात जास्त मैनाच खूष झाली आणि म्हणाली, "पाय माझाच लागला बरं का!"

पुढं दापोड्याला मोठी गोदामं झाली. लडकू तिथं कामाला लागला आणि मलाही घेऊन गेला. दोन पिंपांवर त्यानं मला कंबरेच्या उंचीला बसवलं. ट्रकातला माल आधी माझ्यावर, तिथून पाठीवर; जमिनीवरून कुणी उचलायचा नाही. रामदास हसला होता, "लडक्या, म्हातारा झालास." वर्षभरात रामदासही माझ्यापाशीच यायला लागला.

आता नव्वदचं दशक सरत आलंय. मला मधोमध चीर गेलीय, वजन पेलत नाही. बाबांनो, तुमच्याही पाठीला एक दिवस अशीच चीर जाणार आहे, तिला हिसके देऊ नका. दुखलं तर थोडं थांबा, पण पडून राहू नका. आणि घरात कोण अख्खं अंग फिरवून बघतंय, तिकडं लक्ष असू द्या.

काल लडकूनं मला पिंपांवरून खाली घेतलं, ओसरीवर नेऊन ठेवायला. तो गुडघ्यांत वाकला, दोन्ही हात माझ्याखाली घातले, मला छातीशी घट्ट धरलं आणि पायांच्या जोरावर उभा राहिला. वळताना आधी पावलं वळवली. बारा वर्षं मी त्याला पाठीकडून ओळखत होते. त्याचं काळीज कसं चालतं ते मला काल पहिल्यांदा कळलं.