आच

कोंडाजीने न जेवताच ताट दूर सारलं, ते सलग तिसऱ्या दिवशी. चांगुणाने कपाळाला हात लावला. एकवीस वर्षं तिचा हा नवरा सातपूरच्या कारखान्यात भट्टीवर उभा राहिला होता. तापल्या लोखंडाचा रंग बघून आच सांगायचा. मग छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, तेल-मीठ कमी आणि भट्टीला रामराम. कारखान्याने येत्या सोमवारपासून गेटवर राखणीला बसायला सांगितलं. ते ऐकल्यापासून गडी ना धड जेवत होता, ना बोलत होता. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. हा असाच झिजून हातचा जाणार, या धास्तीने चांगुणाला घास गिळवत नव्हता.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला सुचवलं होतं की वांगं तेलात परतलं तर भसाभसा तेल पितं, त्यापेक्षा भाजून द्या. पोटाला हलकं, चोथाही भरपूर. म्हणून तिने बाजारातून हाताला हलकी लागणारी, कमी बियांची दोन वांगी निवडून आणली आणि एक स्टोव्हवर धरलं. साल पटकन काळी पडली. कापून बघते तर आत पांढरंफटक, आणि वर रॉकेलचा वास! तिला रडूच कोसळलं.

"आच मोठी हाय," खाटेवरून आवाज आला. "वरून जळालं, आत कच्चं. निखारा लागतो त्याला."

"मग या की उठून," चांगुणा डोळे पुशीत म्हणाली.

आणि खरंच उठला की बाबा! तिने अंगणात घमेल्यात कोळसे पेटवले, त्याला आचेपासून लांब पाटावर बसवलं, हातात मोठा चिमटा दिला. घमेल्याला काही कोणी भट्टी म्हणत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. कोंडाजीने दुसऱ्या वांग्याला चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या खोचल्या. निखाऱ्यांवर राख धरेपर्यंत तो थांबला, मग वांगं ठेवून सावकाश फिरवत राहिला. देठापाशी रस चुरचुरला तेव्हा त्याने ते उचललं.

सोलायला सोपं जावं म्हणून चांगुणा ते पाण्यात बुडवायला निघाली. त्याने तिचं मनगट धरलं.

"पाण्यात नको. भट्टीतले काही लोखंडी नग आमी हवेतच गार करतो. नायतर केलेलं सगळं वाया."

मग बोटं भाजून घेत दोघांनी ते सोललं. कच्चा कांदा, भाजलेली मिरची, कोथिंबीर, दही आणि चिमूटभर मीठ. धुराचा असा काही वास सुटला की तेलाची आठवणही झाली नाही. एक भाकरी संपवून कोंडाजीने आणखी अर्धीसाठी हात पुढे केला. चांगुणाने तोंड वळवून पदर डोळ्यांना लावला.

सोमवारी तो डब्यात भरीत घेऊन गेटवर गेला. संध्याकाळी घरी आला तो डबा चाटूनपुसून रिकामा.

"भट्टीवाल्यांनीच संपवला," तो म्हणाला. "मला दोन घास मिळाले. उद्या समदे गेटवर जेवायला येनार हायेत. चार वांगी लागतील."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो अंगणात बसला. गेटवरची खाकी टोपी डोक्यावर, चिमटा गुडघ्यावर. चांगुणा भाकरी थापता थापता दारातून बघत होती. कोळसे अजून लालभडक होते, आणि कोंडाजी निवांतपणे त्यांच्यावर राख धरायची वाट बघत होता.