चौदा हजार बॅटऱ्या

शहरात पैठण गेटजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या श्रीधर महाजनांनी २०११ साली शहराबाहेरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत स्वतःची मोबाइल कंपनी काढली. फोनचं नाव ठेवलं 'हाळी'. मोठी बटणं, मोठा आवाज आणि एकदा चार्ज केला की चार दिवस चालणारा. खेड्यापाड्यांत विजेचा भरवसा नव्हता, त्यामुळे हाळी चांगलाच खपला. शहर वाळूजच्या बाजूला पसरत गेलं, तशी कंपनीही वाढली. फुलंब्रीहून बसनं येऊन फोनची जुळणी करणारी तनुजा जाधव पाच वर्षांत तपासणी विभागाची प्रमुख झाली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये दुरुस्तीला आलेल्या फोनांत तिला फुगलेल्या बॅटऱ्या दिसू लागल्या. तिनं चाळीस फोन उघडून पाहिले. सगळ्या बॅटऱ्या एकाच खेपेतल्या. त्या खेपेचे चौदा हजार फोन विकले गेले होते.

"लोक उन्हात ठेवत असतील," श्रीधर म्हणाले.

"या खेपेचे आणि दुसऱ्या एका खेपेचे फोन मी चार तास गरम पेटीत ठेवून बघितले, सर. दुसऱ्या खेपेचा ठीक राहतो, याची बॅटरी फुगते. परत मागवावे लागतील."

"म्हणजे आपला फोन धोक्याचा आहे हे आपणच गावभर सांगायचं? पुन्हा कोण घेईल हाळी?"

त्याच आठवड्यात बिडकीनजवळच्या एका वस्तीवर हाळी पेटला. उशाची गोधडी जळाली, माणूस थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी ती श्रीधरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, मी चाललेय तिकडं. तुम्हीही चला."

ते निघाले. दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. वस्तीवर टँकर आला होता आणि सगळं गाव हंडे घेऊन तिथंच जमलं होतं. तनुजानं टँकरच्या चाकाशी उभं राहून सांगितलं, "या फोनची बॅटरी खराब निघालीय. फोन आमच्याकडं द्या. महिनाभरात दुरुस्त करून देऊ."

आवडाबाई नावाची एक बाई पुढं आली. हाळी तिनं पदरात बांधला होता. "टँकरवाला मलाच फोन लावतो. फोन तू नेल्यावर महिनाभर पाणी कोण मागवील? जळाला तर जळू दे, पर मी नाय देत."

श्रीधर तनुजाच्या मागं उभे होते. त्यांनी विचारलं, "बाई, भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर पाण्याची लई जास्त वाटती."

परतीच्या वाटेवर वाळूजची कमान दिसल्यावर श्रीधर म्हणाले, "गोदामात लग्नसराईचे सहा हजार फोन पडलेत. त्यांच्या बॅटऱ्या चांगल्या आहेत ना?"

"आहेत. पण दुकानदार ते फोन मागतायत."

"काढ त्यातल्या. बाकीच्या दुसऱ्या कारखान्यातून मागव. कुणाचाही फोन घ्यायचा नाही, जागेवर बॅटरी बदलून द्यायची."

दुसऱ्या दिवशी विक्री थांबली. तहसिलांतून टँकरच्या फेऱ्यांची यादी मिळवली, कारण टँकरपाशी अख्खं गाव एकदम भेटत होतं. चाळीस कामगार जोडीजोडीनं मोटारसायकलींवर निघाले. आवडाबाईच्या फोनची बॅटरी श्रीधरांनी स्वतः बदलली. एका गावात लोकांनी त्यांना तासभर शिव्या घातल्या. ते ऐकून घेत राहिले आणि हातानं बॅटऱ्या बदलत राहिले. पाऊस सुरू होईपर्यंत बारा हजार नऊशे फोन झाले. उरलेल्यांना तनुजानं पुढचे सहा महिने शोधलं. काही सापडलेच नाहीत.

त्या दिवाळीला हाळीची विक्री निम्म्यावर आली. वीस कामगार सोडून गेले. दोन वर्षांनी श्रीधरांनी सगळ्यांना कंपनीच्या आवारात बोलावलं आणि सांगितलं, "यापुढे कंपनी तनुजाताई चालवतील. बॅटऱ्यांच्या वेळी मी चुकलो होतो. त्या नसत्या तर कुणीतरी जिवानिशी गेलं असतं."

तनुजा उठून म्हणाली, "माझी एक अट आहे. काही खटकलं तर जुळणीचा पट्टा बंद करायचा अधिकार इथल्या प्रत्येकाला राहील. कुणाला विचारायचं नाही."

पहिल्याच महिन्यात सत्यम नावाच्या नव्या कामगारानं पट्टा दोनदा बंद केला. एकदा चार्जिंगची तार सैल निघाली. दुसऱ्यांदा त्याचा गैरसमज झाला होता. सत्यम घाबरून उभा राहिला. तनुजानं त्याच्या हातातला फोन घेऊन नीट पाहिला, त्याला परत दिला आणि पट्टा चालू करायला सांगितलं.