धुक्यातल्या नदीचा नावाडी

मी एक जुना नावाडी आहे. हसू नका मित्रांनो! माझ्या डोक्यावर गवताची टोपी आहे, हातात बांबू आहे, आणि उंचीने मी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. मी एका जपानी व्हिडिओ गेममध्ये राहतो. त्या खेळात एक प्रवासी आपलं हरवलेलं गाव शोधत निघतो. तो डोंगर चढतो, राक्षसांशी लढतो, भेटेल त्याला वाट विचारतो आणि अर्ध्या रस्त्यावर धुक्याने भरलेल्या एका नदीपाशी येतो. ती नदी माझी. त्याला पलीकडे नेणं एवढंच माझं काम, आणि ते मी मन लावून करतो.

फार वर्षांपूर्वी जपानमधल्या एका लहानशा खोलीत एका तरुणाने चौकटीच्या कागदावर मला रंगवलं. दुसऱ्या एकाने संगणकाच्या भाषेत कोड लिहून मला हलतं केलं. हा दुसरा घाईत होता. त्याच्या मनात होतं, प्रवासी घाटावर आला की पलीकडच्या देवळातली घंटा वाजावी आणि तिसऱ्या टोल्याला मी नाव सोडावी. पण घंटा वाजवायची ओळ बिचाऱ्याने भलत्याच जागी टाकली. झालं! प्रवाशाचा पाय नावेच्या फळीवर पडल्याशिवाय घंटा वाजेचना. तोवर मी काठावर उभा. ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. खरं सांगू? मला थांबायला आवडायचं.

माझी कॅसेट नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या दुकानात कशी येऊन पडली, ते मला ठाऊक नाही. यंत्र बंद असलं की आम्हाला नुसती स्वप्नं पडतात, आणि स्वप्नात रस्ते कळत नाहीत. मंठा गावचे अप्पाराव गुरुजी लेकीसाठी व्हिडिओ गेम घ्यायला आले होते. दुकानदाराने वरून मला फुकट दिलं. खेळातली सगळी अक्षरं जपानी, मला विकत कोण घेणार!

पण अप्पारावांची संध्या भारी चिवट निघाली. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, यंत्रात खोचायची आणि एक अक्षर न वाचता दारं उघडत, ठेचा खात पुढे जायची. एके दिवशी ती माझ्या नदीवर पोचली.

"बाबा, हा टोपीवाला काय म्हणून राह्यला?"

"म्हणत असंल, निवांत ये," गुरुजी वहीतून डोकं न काढता म्हणाले.

रोज खेळ रंगला की तिची आई गिरिजाबाई ओरडायच्या, "ठिव ते रिमोट, अन् जेवायला ये जल्दी!" संध्या पळायची. पडद्यावर प्रवासी झाडाखाली उभा आणि मी नावेपाशी. गिरिजाबाई गहू निवडता निवडता माझ्याकडे बघायच्या. "सकाळपासून उभाच हाय का गं हा? पाय दुखत असतील त्याचे," म्हणायच्या. आजवर माझ्या पायांची चौकशी दुसऱ्या कुणी केलेली नाही, मित्रांनो.

पुढे संध्या शिकायला गेली. मी कपाटावरच्या पेटीत गेलो, आणि धुकं माझ्या स्वप्नातही दाटत गेलं. किती वर्षं, ते विचारू नका. मला मोजता येतात ते फक्त घंटेचे टोले.

मग एक दिवस, पेटीत स्वप्न बघता बघता, मला दुसऱ्याही एका ठिकाणी जाग आल्यासारखं वाटलं. संध्या आता मोठी बाई झाली होती. नवीन जालन्यात घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. जुन्या यंत्रांवरचे खेळ आजच्या कन्सोलवर चालतील असे करायचे, हे त्यांचं काम. त्याला पोर्टिंग म्हणतात. मी त्याला बिऱ्हाड बदलणं म्हणतो. आणि नशीब बघा, त्या कंपनीकडे माझाच खेळ आला!

बिऱ्हाड हलताना काय काय होतं ते सांगतो. आधी नाव आली, पण नदी नव्हती. मी कोऱ्या काळ्या पोकळीत बांबू धरून तरंगत राहिलो. मग पाणी आलं, तर प्रवासी त्यावरून खुशाल चालायला लागला. एकदा तर मी अख्खा दिवस उलटा लटकलो होतो, डोकं खाली, टोपी पाण्यात! संध्या हसून हसून बेजार. हळूहळू सगळं जागेवर बसलं. धुकं तर पूर्वीपेक्षा देखणं झालं, दुधावरच्या सायीसारखं.

त्याच दिवसांत, गुरुजी गेल्यावर एकट्या पडलेल्या गिरिजाबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालणं सुधारलं, पण उजवा हात आखडला. डॉक्टरांनी बजावलं, बोटं रोज हलली पाहिजेत, नाही तर हात कायमचा तसाच राहील. संध्याने रबरी चेंडू आणला. गिरिजाबाईंनी तो खिडकीतून फेकला, तोही डाव्या हाताने. "मी काय कुत्रं हाय का चेंडू खेळायला?"

मग संध्याने नव्या कन्सोलचा रिमोट त्यांच्या हातात दिला. तो मात्र त्यांनी ठेवून घेतला. "हा तुझा टोपीवाला कुठंय? तिथपर्यंत जाते मी," म्हणाल्या. अंगठा घसरायचा, प्रवासी भिंतीला धडकायचा, त्या स्वतःलाच शिव्या घालायच्या. पण रोज दुपारी त्या थोड्या पुढे सरकायच्या, आणि बोटं हलायची.

इकडे कोड वाचताना संध्याला ती भलत्या जागची ओळ सापडली. तिने ती उचलून योग्य जागी ठेवली. पुण्याच्या कंपनीच्या प्रमुख ज्योत्स्ना मॅडमनी फोनवर सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. "इतक्या वर्षांत जो बग कुणाला दिसला नाही, तो संध्याने पकडला!" संध्याचा चेहरा नुसता उजळला. मी मात्र बांबू घट्ट धरला.

दुसऱ्याच दुपारी गिरिजाबाई नदीवर पोचल्या. प्रवासी घाटावर आला आणि घंटा लगेच वाजली. एक. अंगठा घसरला, प्रवासी झुडपात गेला. दोन. त्यांनी त्याला कसंबसं वळवलं. तीन. माझा बांबू आपोआप पाण्यात गेला आणि नाव सुटली. मला थांबायचं होतं हो! पण हुकमाच्या गुलामाला कोण विचारतं? पुन्हा तेच झालं, पुढच्या दुपारीही तेच. शेवटी त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"ह्यो बी सोडून जातो. आता माझ्यासाठी कोण थांबून राह्यलंय?"

"आई, बस, मी नेते तुला पलीकडं," संध्या म्हणाली.

"तू गेली म्हंजी मी गेली का?"

"अगं पण बोटं हलवायला पाहिजेत ना. डॉक्टर काय म्हणले?"

"न्हाई म्हणते ना मी! बिलकुल न्हाई."

त्या दिवसापासून तो हात मांडीवर पडून राहिला. पाहुण्यासारखा. बोटं तळव्याकडे मिटत चालली. संध्या जवळ बसून ती उघडायची, आणि सोडली की ती पुन्हा मिटायची. मला पडद्यातून सगळं दिसत होतं आणि रडू येत होतं. पण माझ्या डोळ्यांना एकेकच ठिपका, त्यात पाणी कुठे मावणार!

एका सकाळी संध्याने मंठ्याहून आणलेली ती जुनी पेटी उतरवली. जुनं यंत्र टीव्हीला जोडलं, कॅसेटमध्ये फुंकर मारली. तिने प्रवाशाला घाटावर उभं केलं आणि चहा टाकायला गेली. चहा झाला, पिऊन झाला. मी उभाच. ती किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फोन लावला.

"मॅडम, नावेचं मी जे दुरुस्त केलं ना, ते परत होतं तसं करायचंय."

"अगं, पण तो बगच होता ना?"

"बराबर, बगच होता. पण लोक ज्या नावेत बसले ती थांबणारी होती. मी दुरुस्त केल्यापासून माझी आई काठावरच राह्यली, मॅडम. असे आणखी किती जण राहतील?"

"आणि मी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं, त्याचं काय करू?"

"ते परत घ्या. सगळ्यांसमोर घ्या."

मग ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "जपानला विचारते. खेळ त्यांचा आहे."

वाट पाहणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. त्याआधीची वर्षं मी नुसता उभा होतो. अखेर निरोप आला: जुन्या खेळात नाव जशी होती तशीच ठेवा. संध्याने ती ओळ पुन्हा भलत्या जागी नेऊन ठेवली. माझा बांबू सैल झाला, आणि मी निवांत उभा राहिलो.

"आई, एकदाच बघ. न्हाई जमलं तर बंद करते."

गिरिजाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण डाव्या हाताने उजवा हात उचलून रिमोटवर ठेवला. प्रवासी घाटावर आला. घंटा नाही. अंगठा घसरला, प्रवासी झुडपात. मग झाडाला धडक. मग परत झुडपात. त्यांनी रिमोट ठेवला, बोटं चोळली आणि संशयाने माझ्याकडे पाहिलं.

"जा ना. जा, जातोस तर."

मी उभा.

त्यांनी पुन्हा रिमोट घेतला. आखडलेला अंगठा कणाकणाने सरकला, आणि प्रवाशाचा पाय फळीवर पडला. पलीकडे धुक्यात घंटा वाजली.

"संध्ये! ए संध्ये, ये इकडं! मला नेऊन राह्यला बघ ह्यो!"

मित्रांनो, जुन्या गोष्टी नव्या घरी जरूर न्या, पेटीत कुजवू नका. पण नेताना त्यांच्या खोडी खरवडून काढायची घाई करू नका. कुणी तरी त्याच खोडीला धरून चालत असतं. आणि घरात कुणाचं पाऊल हळू पडत असेल, तर त्यांना उचलून नेऊ नका, सोडूनही जाऊ नका. नुसते शेजारी उभे राहा.

पलीकडे उतरल्यावर प्रवाशाने पुढे देवळाकडे जायचं असतं. गिरिजाबाई गेल्या नाहीत. त्यांनी उजव्या अंगठ्याने प्रवाशाला वळवलं, सावकाश परत माझ्या फळीपाशी आणलं आणि म्हणाल्या, "चल बाबा, आणिक एकदा."