ढिगातलं हिरवं दार

सून आर्किटेक्ट. त्यामुळे आप्पांच्या जुन्या घराचं काम नियमानंच होणार होतं, आणि नियम एकच: पाडकामातून निघालेलं काही फेकायचं नाही, सगळं परत वापरायचं. जुन्या विटा घासूनपुसून मागच्या वाढीव खोलीच्या भिंतींना लागल्या. ही खोली आप्पा आणि माईंची. उजेड झकास, वारा झकास. नव्हतं फक्त बाहेर जायचं दार.

"स्वयंपाकघरातून जायचं की," सून म्हणाली.

स्वयंपाकघरातून! म्हणजे आधी सुनेची चौकशी, मग मुलाची, शेवटी "आप्पा, बसा बघू घरात." पायरीवरून एकदा घसरले काय, एकट्यानं कोपऱ्यापर्यंत जायचीही चोरी झाली. तिकडे न्हाव्याच्या दुकानात मित्रांचा पत्त्यांचा डाव रंगायचा आणि हे घरात माश्या मारत बसायचे. जीव नुसता कातावला होता.

मग आप्पांनी डोकं चालवलं. पलीकडच्या गल्लीत एक घर पाडत होते. तिथलं हिरवं दार त्यांनी गवंड्याला पटवून हातगाडीवरून आणवलं आणि आपल्या लाकडांच्या ढिगात गुपचूप सरकवलं.

सुनेला ते दिसलंच. "हे कुठलं? आपल्याकडे हिरवं दार नव्हतं."

"माळ्यावर पडलं होतं," आप्पांनी ठोकून दिलं. "आता निघालंय तर वापरायला नको? नियम तुझाच आहे, बाई."

सुनेनं माईंकडे पाहिलं. घरातली काडी न् काडी माईंना पाठ, आणि खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

माई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माळ्यावरचंच ते. माझ्या सासूबाईंच्या वेळचं."

आप्पा बघतच राहिले.

दार बसलं. सुनेनं बाहेर बुटक्या पायऱ्या केल्या, धरायला कठडाही लावला. पहिल्याच संध्याकाळी आप्पा चपला हातात घेऊन, चोरपावलांनी दाराशी आले, तर दार आधीच उघडं! माईंच्या चपला गायब. गल्लीच्या टोकाला त्यांची पाठ दिसली. काय झपाझप चालली होती बया! आप्पांना आधी राग आला, मग हसू आवरेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. "आप्पा, माई आहेत का आत?"

तिकडे पत्ते वाटूनही झाले असतील. आप्पांनी चपला खाली ठेवल्या आणि दार हळूच लोटून घेतलं.

"झोपलीये गं," ते म्हणाले. "उठवू नकोस. मी बसलोय इथे."