दोघींच्या घरातला भोपळा

ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिचे निम्मे केस पांढरे झाले होते. नवरा सायकलच्या दुकानाचा मालक, विधुर, मुलं हाताशी आलेली. नातेवाईक कुजबुजले, आता या वयात? ताई म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील," आणि दोन बॅगा घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली.

दातांचं म्हणाल तर त्यातलं तिच्या धाकट्या बहिणीला सगळं कळत होतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, रंग जुळवायचा, खोटं ते खरं वाटेल इतकं घासायचं. आई-वडील गेल्यापासून दोघी बहिणीच एकमेकींना होत्या. ताई बोलायची, धाकटी ऐकायची. आता कामावरून आलं की घर खायला उठायचं. धाकटी टीव्ही लावायची, बंद करायची, पुन्हा लावायची.

उन्हाळा लागला होता. एका संध्याकाळी लॅबमधून येताना ती उगाचच नर्सरीत शिरली आणि गुलाबाचं रोप घेऊन बाहेर पडली. घराच्या गॅलरीत आजवर कपड्यांच्या दोरीशिवाय काही नव्हतं. मोठी कुंडी आणली, रोप लावलं, आणि मग ती त्याच्या मागेच लागली. सकाळी पाणी, आल्यावर पाणी, झोपायच्या आधी पुन्हा घोटभर. महिनाभरात पानं पिवळी पडून गळाली. मेलेलं रोप पिशवीत घालून ती तरातरा नर्सरीत गेली.

नर्सरीवाली तोंडाने फटकळ. तिने मुळं चिमटीत धरून पाहिली, तर ती हातातच आली. "पाणी किती घालत होता?"

"आठवण झाली की."

"आणि आठवण किती वेळा व्हायची?"

धाकटी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली.

"लाडाने मारलंत हो त्याला! माती कोरडी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. झाडाला पण जरा एकटं सोडावं लागतं."

त्यानंतर कुंडी तशीच पडून राहिली. एकदा भाजीसाठी भोपळ्याची फोड चिरताना धाकटीने आतल्या बिया कचऱ्यात टाकायच्या ऐवजी कुंडीत खुपसल्या. मनात काही नव्हतं, कचऱ्याचा डबा भरला होता एवढंच. पावसाळी हवा सुरू झाली आणि कुंडीतून जाडजूड हिरवी पानं वर आली. बघता बघता वेल ग्रिलवर चढला, कपड्यांच्या दोरीवर गेला, आणि धाकटीला कपडे आत वाळवायची वेळ आली. तिची काही तक्रार नव्हती. सकाळी उठल्यावर चहाचा कप घेऊन ती आधी वेलाकडे जायची. कालपासून कुठवर गेला ते बोटाने मोजायची.

पहिलं पिवळं फूल उमललं त्या सकाळी तिने ताईला फोन केला. "ताई, फूल आलंय!"

"अगं वा! थांब हं, ह्यांचा डबा भरतेय... करते नंतर."

नंतर फोन आला नाही. फुलं मात्र येत राहिली, आणि गळत राहिली. काहींच्या खाली गोटीएवढा भोपळाही दिसायचा, पण दोन दिवसांत तोही पिवळा पडून टपकन खाली.

"मधमाश्या येतात का तुमच्याकडे?" नर्सरीवालीने विचारलं.

"चौथ्या मजल्यावर?"

"मग तुम्हीच व्हा मधमाशी. खाली भोपळा नसलेलं ते नर फूल, भोपळा असलेलं ते मादी. सकाळी सकाळी याचा पराग त्यावर लावायचा."

कवळीच्या हिरड्यांवर बारीक लाल शिरा रंगवायचा ब्रश धाकटीने कामावरून घरी आणला. श्वास रोखून, दुखऱ्या हिरडीला जपावं तसा तो फुलात फिरवला.

एक भोपळा धरला. बाकी सगळे गळाले, पण तो एक लिंबाएवढा झाला, मग चेंडूएवढा, मग डोक्याएवढा. वजनाने वेल तुटू नये म्हणून तिने जुन्या चादरीची झोळी बांधून त्याला त्यात निजवलं. फोटो पाहून ताईने लगेच फोन केला.

"माझ्याशिवाय कापू नकोस हं! रविवारी येते."

रविवारी धाकटीने सुरीला धार लावून ठेवली. दुपारी फोन आला. "अगं, अचानक ह्यांची मुलं आली जेवायला. पुढच्या रविवारी नक्की." पुढच्या रविवारी नवऱ्याला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी फोनच आला नाही. भोपळ्याला खालून मऊ डाग पडला तेव्हा धाकटीने तो उतरवला आणि एकटीनेच कापला. एकटीला तो कसा संपणार? चार दिवस तेच खाल्लं, उरलेला लॅबमध्ये नेला. सगळ्यांनी "गोड आहे हो" म्हटलं आणि माना खाली घालून आपापल्या कवळ्या घासायला घेतल्या.

थंडी पडली. वेल वाळून दोरखंडासारखा झाला. धाकटीने तो ओढून काढला, तर गॅलरी पूर्वीपेक्षा जास्त मोकळी दिसायला लागली.

आणि अशाच एका दुपारी, न कळवता, ताई दारात. "दाखव बघू तुझी बाग!"

धाकटीने कुंडीकडे बोट केलं.

"आणि भोपळा?"

"वाट बघून बघून सडायला लागला. कापला."

ताई गॅलरीच्या उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "सगळे चांगले आहेत गं तिकडे. पण मिठाचा डबा कुठे ठेवायचा तेसुद्धा विचारावं लागतं. माझ्या हातचं खातात, आणि आपसात बोलत बसतात."

"मग ये परत."

"नाही गं. माणूस चांगला आहे, दिवसभर दुकानात असतो एवढंच. अंगवळणी पडेल." तिने डोळे पुसले. "रागावलीस?"

"हो," धाकटी म्हणाली.

"बरं केलंस."

दोघींनी चहा घेतला. मग नर्सरीपर्यंत चालत गेल्या. थंडीत पालक सहज येतो, असं नर्सरीवालीने सांगितलं. ताईला पेरायचा होता, पण बसची वेळ झाली. "फोटो पाठव हं," खिडकीतून ती ओरडली.

धाकटी घरी आली. अंधार पडायच्या आत तिने पालक पेरला, वरून मूठभर माती पसरली, हात धुतले. पाणी गार होतं. सकाळचं उरलेलं गरम करून तिने ताट गॅलरीत आणलं, अंगाभोवती शाल गुंडाळली आणि कुंडीशेजारी बसून जेवली. कुंडीत बघण्यासारखं अजून काहीच नव्हतं.