पालथी ताटं

माझी लेक माझ्याच घरात चोरासारखी मागच्या दाराने येते, हे मला मुळीच खपत नाही. पन्नाशी उलटलेली बाई. संस्थेत तिला बघून माणसं खुर्चीवरून उठतात, आणि घरी मांजरासारखी भिंतीला घासून आत शिरते. का, तर पुढच्या खोलीत माझी धाकटी बहीण बसलेली असते. म्हणजे हिची सख्खी मावशी.

धाकटी आमच्याकडे आली त्याला महिना झाला. तिच्या घरात वाळू शिरली. आधी उंबऱ्याशी, मग खिडकीपर्यंत, शेवटी दारच उघडेना. आणि माझ्या लेकीचा जन्म गेला तो ह्याच कामात: चांगल्या जमिनीचं वाळवंट कसं होतं आणि ते कसं अडवायचं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मावशीशी बोलायचं सोडून ती वस्तू आणते. उशी आणली, पंखा आणला, गुडघ्याला लावायचं तेल आणलं. धाकटी म्हणते, "ताई, पोरगी किती करते गं माझं!"

"करते. तोंड तेवढं दाखवत नाही."

धाकटी जेवणाची ताटं पालथी मांडते आणि वाढायच्या वेळी सुलटी करते. वाळूत राहिलेल्या माणसांची सवय ती. आमच्याकडे धूळसुद्धा नाही, पण तिचे हात ऐकत नाहीत. ती ताटं दिसली की आमच्या बाईसाहेबांची भूक मरते.

रविवारी दुपारी मी तिला दंडाला धरून टेबलाशी बसवलं. तिने आपलं ताट सुलटं केलं. धाकटीने हसत पुन्हा पालथं घातलं.

"थांब गं, भाजी येऊ दे. दाताखाली कचकच लागते."

"मावशी, इथे वाळू नाही."

"हो की, विसरतेच मी. तुझी ती पट्टी कशी आहे गं?"

ही पट्टी मलाही ठाऊक होती. धाकटीच्या गावाला लागून लेकीने जमिनीचे दोन तुकडे घेतले होते. एकावर झुडपांची कुंपणं लावून वाळू अडवली. दुसऱ्यावर काही म्हणजे काही करायचं नाही, वाळू येईल तशी येऊ द्यायची आणि दोन्हींतला फरक मोजायचा. हा दुसरा तुकडा म्हणजेच ती पट्टी, नेमकी धाकटीच्या घरामागे.

"शेजाऱ्यांनी मागे तिथे रोपं लावली होती, मला न सांगता," धाकटी मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "मी सगळी उपटून काढली. म्हटलं, माझ्या भाचीची मेहनत आहे, कुणी हात लावायचा नाही!"

लेकीचा हात ताटावरच राहिला. "मावशी, ती रोपं राहिली असती तर तुझं घर..."

"वाचलंही असतं. पण तुझं मोजणं बिघडलं असतं ना?"

लेक उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी मागोमाग गेले, नळ बंद केला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय ते बोल."

"फरक पहिल्या काही वर्षांतच कळला होता, आई. पुढे मोजायची गरज नव्हती."

"मग थांबली का नाहीस?"

"इतकी वर्षं सलग मोजलेली पट्टी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. त्यावर तर माझं नाव झालं. मावशी माझ्याकडे रोपं मागायला आली होती. मी म्हटलं, जरा कळ काढ." लहानपणी पुसायची तसं तिने बाहीला नाक पुसलं. "आज तिची माफी मागते."

"पट्टी अजून चालू आहे?"

"आहे."

"तिथे राहतं कुणी?"

"चार घरं उरलीत."

मग मी धाकटीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तू माफी मागशील, ती लगेच 'असू दे गं' म्हणेल. ओझं तुझं उतरेल, घर तिचंच गेलेलं राहील. तू वाळूपेक्षा वाईट निघालीस. वाळूला निदान मावशी नव्हती. उद्या ती पट्टी मोडायची आणि त्या चार घरांमागे स्वतःच्या हातांनी झुडपं लावायची. मावशीला सोबत ने, वारा कुठून येतो ते तिला विचार. आणि आता बाहेर चल, तिच्यासमोर बस, आणि तिचं ताट तू सुलटं कर."