उपसलेला चिखल

दादाने मशीनवाल्याची गचांडी धरून त्याला खोदकामाच्या मशीनमधून खाली ओढलं आणि तो सावरायच्या आत तोंडावर ठोसा हाणला. मशीनवाला खारफुटीच्या मुळांवर आदळला.

"बाई आडवी आली म्हणून थांबलो," तो रक्त थुंकत म्हणाला. "मशीनखाली घेऊ का तिला?"

ती बाई दादाची धाकटी बहीण. प्रयोगशाळेत गाळ तपासायची. कारखान्याचं शिसं खाडीच्या चिखलात साठलंय, हे वस्तीला तिनेच सांगितलं होतं. पुढे दादाच्या मुलीच्या रक्तातही शिसं निघालं आणि त्याने डोक्यात राख घालून घेतली. विष मुळापासून उपसायचं म्हणून त्याच्या मागे सगळी वस्ती कालपासून खणत होती.

"दादा, खणू नकोस. अरे, चिखलानेच ते धरून ठेवलंय..."

"तुझी भाची तिकडे पोट धरून लोळतेय, आणि तू मला चिखलाचं कौतुक सांगतेस?"

त्याने फावडं उचललं. ती सरकली नाही. दांडा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यालाही ऐकू आला.

ती मटकन खाली बसली. डाव्या हाताने तिने खिशातून निळ्या लिटमस कागदाची पट्टी काढली आणि कालच्या ढिगातून खाडीकडे पाझरणाऱ्या पाण्यात धरली. पट्टी लाल झाली.

"खाली हवा नसते, म्हणून शिसं गंधकाला चिकटून बसतं." दात आवळलेले होते, तरी ती लहान मुलाला समजवावं तशी बोलत होती. "उपसून वारा लागला की चिखल आंबतो, त्यात आम्ल तयार होतं आणि शिसं सुटतं. हे पाणी कालवांकडे चाललंय, दादा. तीच कालवं पोरगी खाते ना?"

दादाने ढिगाकडे पाहिलं. काल काळाकुट्ट असलेला चिखल वरून तांबूस पडला होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगतच होते. तू मारत होतास."

पलीकडे माणसं खणतच होती. दादाने फावडं टाकलं, त्यांच्या खड्ड्यात उडी मारली आणि दोन्ही हात पसरले.

"बास करा! हे सगळं परत बुजवायचंय. भरती यायच्या आत!"

"बहिणीने फितवलं रे याला!" कोणीतरी ओरडलं. "सरक, नाहीतर इथंच गाडू."

पहिलं फावडं त्याच्या खांद्यावर बसलं. दादाने पाय चिखलात आणखी खोल रोवले.